एका ठिपक्यातले दोन तारे

सणसवाडीच्या आकाशात आज तारे मोजायचे तर दोन्ही हातांची बोटं पुरतात. पुणे-नगर रस्त्याचे दिवे, कारखान्यांच्या आवारातले झोत आणि वर धुळीचा थर. यातूनही जे दिसतात ते सगळे बडे तारे. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रात्री साडेनऊ-पावणेदहाला उत्तरेकडे तोंड करून मान चांगली वर केली, की एक पिवळसर, ठळक तारा दिसतो. तो ब्रह्महृदय, सारथी तारकासमूहातला. रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांमध्ये तेजाच्या बाबतीत त्याचा क्रमांक सहावा लागतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला सुमारे ४३ वर्षं लागतात.

हा एक तारा नाही. ते दोन आहेत. दोन्ही आपल्या सूर्याच्या साधारण अडीचपट वजनाचे, आणि दर १०४ दिवसांनी ते एकमेकांभोवतीची फेरी पुरी करतात. दोघांमधलं अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराच्या पाऊणपट भरतं. ४३ प्रकाशवर्षांवरून पाहिलं तर एवढं अंतर कुठल्या कुठे हरवून जातं. एका अंशाचे ३६०० भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा वीस भाग करा. त्यातला एक भाग, जवळपास तेवढीच फट या दोघांमध्ये दिसायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या कोणत्याही दुर्बिणीतून ही फट दाखवता येत नव्हती.

तरीही कळलं. १८९९ साली कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांनी आणि केंब्रिजमधून ह्यू फ्रँक न्यूऑल यांनी, एकमेकांच्या कामावर विसंबून न राहता, हेच सांगितलं : ब्रह्महृदय हा जोडतारा आहे. मौजेची गोष्ट अशी, की आदल्याच वर्षी हे दोघेही महाराष्ट्रात येऊन गेले होते.

जेऊर, पुलगाव, विजयदुर्ग

२२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि तिरकी ईशान्येकडे धावत विदर्भातून पुढे गेली. सणसवाडी त्या पट्ट्याच्या उत्तरेला राहिली; इथे ग्रहण मोठं दिसलं असणार, पण खंडग्रास. दौंडवरून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं जेऊर मात्र बरोबर पट्ट्यात होतं. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेग होता, दुष्काळाची झळ ताजी होती. अशा दिवसांत जेऊरच्या माळावर कॅम्पबेल यांचा तळ पडला. चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा त्यांनी समुद्रमार्गे बरोबर आणला होता. सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी हा सगळा खटाटोप.

जेऊरलाच दुसरा एक तळ होता, पुण्याचा. तो कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, ते शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि सरकारच्या मदतीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली होती. १८८८ साली तिथे ग्रब कंपनीची वीस इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण आली. त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण. नायगमवालांचा ओढा वर्णपटाकडे. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटावरचा त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ते निवृत्त झाल्यावर, १९१२ मध्ये, ही वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. पुण्यात ताऱ्यांच्या वर्णपटाचा अभ्यास सव्वाशे वर्षांपूर्वी होत होता, ही गोष्ट खुद्द पुण्यातही फारशी कुणाला ठाऊक नसते.

न्यूऑल यांचा तळ वर्ध्याजवळच्या पुलगावला होता. आणि विजयदुर्गाच्या किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर उतरले होते. तिथले ‘साहेबाचे ओटे’ त्यांच्याच नावाने दाखवतात, आणि हेलियमचा शोध त्या ओट्यांवर लागला असंही सांगतात. ते खरं नाही. लॉकियर विजयदुर्गाला आले १८९८ मध्ये. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याआधी तीस वर्षं, १८६८ मध्ये, इंग्लंडमध्ये बसून नोंदवली होती. पण या दंतकथेचा गाभा चुकीचा नाही. लॉकियर, न्यूऑल, कॅम्पबेल, नायगमवाला, सगळे एकाच गोष्टीच्या मागे होते : प्रकाश फोडून त्यातल्या रेषा वाचायच्या.

रेषा काय सांगते

ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीने गोळा करून एका अरुंद फटीतून लोलकात सोडला, की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा पडतो. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा असतात. लोह, कॅल्शियम, सोडियम, हायड्रोजन अशी मूलद्रव्यं ताऱ्याच्या वातावरणात असतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतं. लोहाच्या रेषा प्रयोगशाळेतल्या ठिणगीत जिथे पडतात तिथेच त्या ताऱ्यातही पडायला हव्यात.

पण त्या तिथे पडत नाहीत. थोड्या सरकलेल्या असतात. याचं कारण १८४२ मध्ये प्रागमध्ये शिकवणाऱ्या क्रिस्तियान डॉप्लर यांनी सुचवलं, आणि विशेष म्हणजे त्यांनी ते जोडताऱ्यांचाच दाखला देऊन सुचवलं. त्यांच्या निबंधाचं नावच जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाविषयी होतं. जोडताऱ्यांच्या रंगांचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही, पण तत्त्व टिकलं. लाटा सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लाटा दाटून येतात, लांब जात असेल तर ताणल्या जातात.

सणसवाडी फाट्यावर रस्त्याकडेला उभं राहा. रहदारी मोकळी असेल आणि एखादा ट्रक ताशी सत्तरच्या वेगाने हॉर्न दाबून समोरून निघून गेला, तर तो ओलांडून जाताच हॉर्नचा सूर खाली उतरतो. किती उतरतो? हिशेब केला तर शुद्ध रिषभावरून षड्जावर यावं जवळपास तेवढा. कान थोडा तयार असलेल्या माणसाला नुसत्या या उतारावरून ट्रकचा वेग सांगता यावा.

प्रकाशाच्या बाबतीत तत्त्व तेच, आकडे मात्र भलतेच लहान. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, प्रकाश तीन लाख किलोमीटर. ब्रह्महृदयातला तारा सेकंदाला २६ किलोमीटर वेगाने आपल्याकडे आला, म्हणजे ताशी ९३ हजार किलोमीटरहून जास्त, तरी त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते ती साडेअकरा हजारांत एक भाग इतकीच. रंग बदललेला डोळ्याला कधीही दिसणार नाही. फक्त रेषा सरकते. कॅम्पबेल यांच्या काळी वर्णपटाचा फोटो काचेच्या प्लेटवर घेत, आणि त्या प्लेटवर ही सरक भरायची मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी.

तेवढी मोजायची कशी? ताऱ्याचा वर्णपट घेताना त्याच प्लेटवर, त्याच्या वर आणि खाली, वेधशाळेतल्या लोहाच्या ठिणगीचा वर्णपट उमटवायचा. ती स्थिर लोहाची पट्टी झाली मोजपट्टी. मग प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, स्क्रू फिरवत, ताऱ्यातल्या एकेका रेषेचं ठिणगीच्या रेषांपासूनचं अंतर मोजायचं. एका प्लेटवर अशा अनेक रेषा, आणि सगळ्यांची सरासरी. लिक वेधशाळेत ३६ इंची दुर्बिणीला जोडलेला मिल्स वर्णपटलेखक १८९० च्या दशकात या कामात जगात अव्वल मानला जाई. रात्रीत तापमान थोडं उतरलं तरी लोलक आकसतो आणि रेषा सरकल्यासारखी वाटते. म्हणून उपकरण ऊबदार पेटीत बंद करून तापमान राखावं लागे. ताऱ्याची हालचाल मोजायची तर आधी आपल्या उपकरणाची हालचाल थांबवायला हवी, हे या शास्त्रातलं पहिलं पथ्य.

वसिष्ठ एकटा नाही

सरकणाऱ्या रेषेतून जोडतारा सापडण्याची पहिली घटना आपल्या सप्तर्षींमध्येच घडली. हार्वर्ड वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांना १८८७ च्या एका प्लेटवर वसिष्ठाच्या वर्णपटातली कॅल्शियमची रेषा दुहेरी दिसली. इतर काही प्लेटांवर तीच रेषा एकेरी होती. अर्थ एकच निघत होता : तारे दोन आहेत, एक आपल्याकडे येत असताना दुसरा लांब जातो, तेव्हा रेषा फाकतात, दोघं आपल्या दृष्टिरेषेला आडवे जात असतात तेव्हा रेषा एकत्र येतात. १८८९ मध्ये पिकरिंग यांनी हे जाहीर केलं. त्यांचा कालावधीचा पहिला अंदाज चुकला होता. खरा फेरा साडेवीस दिवसांचा आहे.

त्याच वर्षी हार्वर्डमध्येच अँटोनिया मोरी यांना सारथीतल्या दुसऱ्या ठळक ताऱ्याच्या, बीटा सारथीच्या, रेषा रात्रीगणिक फाकताना आणि मिटताना दिसल्या. फेरा चार दिवसांना जरा कमी. आणि जर्मनीत पॉट्सडाम इथे हेर्मान फोगेल यांनी ययातीतल्या अल्गॉलवर रेषा सरकताना पकडल्या. अल्गॉल दर २ दिवस २१ तासांनी मंदावतो, हे इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८३ सालीच सांगितलं होतं, आणि कुणीतरी काळा सोबती त्याच्यापुढून जात असावा असा तर्कही केला होता. फोगेल यांनी शंभरेक वर्षांनी त्या तर्कावर शिक्का मारला : तारा मंदावण्याआधी आपल्यापासून लांब जात असतो, मंदावल्यानंतर जवळ येत असतो. सोबत्याच्या रेषा मात्र त्यांना दिसल्या नाहीत, कारण त्याचा उजेड फार कमी पडतो.

म्हणजे असे जोडतारे दोन प्रकारचे. काहींत दोघांच्या रेषा दिसतात. काहींत एकाच्याच दिसतात, पण ती एक रेषा मागेपुढे होते आणि न दिसणाऱ्या दुसऱ्याची चुगली करते.

लग्नात नवऱ्या मुलीला अरुंधती दाखवतात ती वसिष्ठाच्या शेजारची. आता हिशेब असा आहे : डोळ्यांना एक दिसणारा वसिष्ठ दुर्बिणीत दोन दिसतो, त्या दोघांतला प्रत्येक जण वर्णपटात पुन्हा दोन निघाला आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला.

एका ताऱ्याचं गणित

आता ब्रह्महृदयाकडे येऊ, कारण हे गणित शाळकरी आहे आणि हातात धरून पाहण्यासारखं आहे.

कॅम्पबेल यांनी ज्या प्लेटांवरून शोध जाहीर केला त्या त्यांनी जेऊरला येण्याआधीच, १८९६-९७ मध्ये, घेतलेल्या होत्या. प्लेटवरून मिळालेला वेग तसाच्या तसा वापरता येत नाही. आपण स्वतः पृथ्वीवर बसून सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावत असतो. ब्रह्महृदयाच्या दिशेने यातला सुमारे २७ किलोमीटरचा भाग पडतो, कधी त्याच्याकडे, कधी त्याच्यापासून लांब. ताऱ्याचा स्वतःचा झोका जेवढा, आपला झोका जवळपास तेवढाच! म्हणून प्लेट घेतल्याची तारीख आणि वेळ पाहून आपली गती आधी वजा करायची. उरलेल्यातून कळतं, की ही सगळी जोडी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने आपल्यापासून लांब चालली आहे. तो त्यांचा सामाईक वेग. तोही बाजूला ठेवायचा.

मग आलेख मांडायचा. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर वेग. पुरेशा रात्री जमल्या, की ठिपक्यांतून एक लाट उभी राहते, आणि १०४ दिवसांनी तीच लाट पुन्हा येते. एका ताऱ्याची लाट २६ किलोमीटर वर-खाली जाते, दुसऱ्याची सुमारे २६.९, आणि एक वर असताना दुसरी नेमकी खाली. लाट दोन्ही बाजूंना सारखी, कुठे कललेली नाही. म्हणजे कक्षा जवळजवळ वर्तुळ आहे.

आता वर्तुळावर फिरणाऱ्या ताऱ्याचा वेग आणि फेरीचा वेळ दोन्ही कळले. १०४ दिवस म्हणजे सुमारे ९० लाख सेकंद. सेकंदाला २६ किलोमीटर, तर एका फेरीत २३ कोटी ४० लाख किलोमीटर. हा वर्तुळाचा परीघ. त्याला ६.२८ ने भागलं की त्रिज्या : ३ कोटी ७० लाख किलोमीटर. दुसऱ्या ताऱ्याची तशीच काढली तर साधारण ३ कोटी ८५ लाख. दोन्हींची बेरीज म्हणजे दोन ताऱ्यांमधलं अंतर : साडेसात कोटी किलोमीटर. ज्यांना कुणी वेगळं पाहिलेलं नाही अशा दोन ताऱ्यांमधलं अंतर, तेही किलोमीटरमध्ये! आणि ते काढताना तारा आपल्यापासून किती लांब आहे हे विचारावंही लागलं नाही. तारा शंभरपट लांब असता तरी उत्तर हेच आलं असतं, फक्त प्रकाश कमी मिळाला असता.

पुढची पायरी केप्लरची. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घ्या, त्याचा घन करा. फेरीचा काळ वर्षांत घ्या, त्याचा वर्ग करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. येणारं उत्तर म्हणजे दोघांचं मिळून वस्तुमान, सूर्याच्या पटीत. साडेसात कोटी म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्मं. घन ०.१२५. काळ ०.२८५ वर्ष, वर्ग ०.०८१. भागाकार दीडपेक्षा थोडा जास्त.

पण लेखाच्या सुरुवातीला तर प्रत्येक तारा अडीच सूर्यांचा म्हटलं होतं. म्हणजे बेरीज पाच हवी. मग दीड कसं आलं?

हरवलेला कोन

रेषा फक्त येण्याजाण्याचा वेग सांगते. आडवा वेग ती सांगत नाही. तारा सरळ आपल्याकडे आला तर पूर्ण वेग रेषेत उतरतो. तिरका आला तर त्याचा काही भागच उतरतो. कक्षेचं प्रतल आपल्याकडे किती कललेलं आहे हे रेषेला माहीत नसतं. कक्षा पूर्णपणे आपल्यासमोर उताणी पडलेली असेल, तर तारे कितीही गरगर फिरोत, रेषा जागची हलत नाही. म्हणून वर्णपटातून निघतं ते वस्तुमान किमान असतं : याहून कमी नाही, जास्त असू शकेल. ही या पद्धतीची मर्यादा, आणि ती उपकरण सुधारून जात नाही.

कोन दुसरीकडून आणावा लागतो. अल्गॉलसारखे तारे एकमेकांना ग्रहण लावतात, त्यांचं सोपं. ग्रहण दिसतं म्हणजे कक्षा आपल्याला जवळपास कडेवरून दिसते आहे. ब्रह्महृदयाला ग्रहण लागत नाही. तिथे दुसरी युक्ती कामी आली. १९१९-२० मध्ये जॉन अँडरसन यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर मायकेलसन यांची व्यतिकरणाची पद्धत वापरली : दुर्बिणीच्या तोंडाशी दोन छिद्रं, त्यांतून आलेल्या प्रकाशाच्या पट्ट्या, आणि छिद्रं फिरवत गेलं की त्या पट्ट्या पुसट-ठळक होणं. त्यावरून दोन ताऱ्यांमधलं अंतर आणि दिशा रात्रीगणिक मोजता आली. कॅम्पबेल आणि न्यूऑल यांनी वीस वर्षांपूर्वी फक्त रेषांवरून सांगितलेली जोडी बरोबर त्याच वेळापत्रकाने फिरत होती.

त्यातून कल मिळाला. आजच्या आकड्यांप्रमाणे त्याची साइन किंमत ०.६८ आहे. साडेसात कोटींना ०.६८ ने भागा : ११ कोटी किलोमीटर. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.७४ पट. घन ०.४०५. त्याला ०.०८१ ने भागा. पाच. आता वाटणी : जो जड तो हळू फिरतो, म्हणून २६ वाल्याला थोडं जास्त, २६.९ वाल्याला थोडं कमी. २.५७ आणि २.४८ सूर्य.

हे दशांशापर्यंतचे आकडे मात्र एकविसाव्या शतकात पक्के झाले. अडचण दोघांपैकी एका ताऱ्याची. तो स्वतःभोवती जोरात फिरतो. त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते, त्यामुळे त्याच्या रेषा फाकून पसरट होतात, आणि पसरट रेषेचा मध्य कुठे हे ठरवणं जिकिरीचं. दुसरा संथ फिरतो, त्याच्या रेषा सुरीसारख्या बारीक. बघा, सरकलेली रेषा कक्षा सांगते आणि जाड झालेली रेषा ताऱ्याचं स्वतःभोवती फिरणंही सांगते.

ध्रुवाची फसवणूक

सरकणारी प्रत्येक रेषा जोडताऱ्याची नसते, हा धडा शिकवला ध्रुवताऱ्याने. १८९९ मध्येच कॅम्पबेल यांना ध्रुवाचा वेग जवळपास चार दिवसांच्या फेऱ्याने बदलताना आढळला, शिवाय त्याखाली आणखी एक संथ बदल दिसला. त्यांनी तीन ताऱ्यांची जुळणी असावी असं मांडलं. पुढे कळलं, की चार दिवसांचा बदल कक्षेचा नाही. ध्रुव हा सेफीड जातीचा तारा. तो स्वतःच फुगतो आणि आकसतो. पृष्ठभाग पुढे आला की रेषा निळ्याकडे, मागे गेला की तांबड्याकडे. पण संथ बदल मात्र खराच निघाला. ध्रुवाला खरोखर सोबती आहे आणि दोघांचा फेरा सुमारे ३० वर्षांचा आहे. अढळपदावर बसलेला हा तारा एकटा नाही, स्थिरही नाही. एकाच माणसाने एकाच ताऱ्यावर एक अर्थ चुकीचा लावला आणि एक बरोबर. दोन्ही मापं मात्र अचूक होती.

खोडदचा ठोका

सणसवाडीपासून सरळ उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटीच्या तबकड्या आहेत. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. त्या रेडिओ लहरी टिपतात; तिथे लोलक नाही आणि काळ्या रेषाही नाहीत. तरी जोडताऱ्याची कक्षा तिथेही याच तत्त्वाने मोजली गेली.

पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, अतिशय नेमाने स्वतःभोवती फिरणारा. प्रत्येक फेऱ्याला त्याच्याकडून रेडिओ लहरींचा एक ठोका येतो. पल्सार जवळ येत असेल तर ठोके दाटतात, लांब जात असेल तर विरळ होतात. रेषेच्या जागी ठोका, बाकी डॉप्लर तोच. एनजीसी १८५१ या तारकागुच्छात जीएमआरटीला एक पल्सार सापडला. पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वर चंद्र यांचा त्यावरचा शोधनिबंध २००४ मध्ये आला. जीएमआरटीने शोधलेला तो पहिला पल्सार. सेकंदाला दोनशे ठोके, आणि १८.८ दिवसांत सोबत्याभोवती एक फेरी.

ही कक्षा ब्रह्महृदयासारखी गोल नाही. ती इतकी लांबट आहे, की दोघं सर्वांत जवळ असताना जेवढं अंतर असतं त्याच्या जवळजवळ सतरापट अंतर लांब असताना होतं. वेगातही तेवढाच फरक. आलेखावर मांडलं तर सारखी लाट येत नाही. बराच काळ जवळपास सपाट रेघ, मग एकदम कडा, आणि पुन्हा सपाट. लाटेचा आकार पाहून कक्षेचा आकार ओळखता येतो तो असा. दोन दशकांनी, २०२४ मध्ये, त्याच गुच्छातल्या दुसऱ्या एका पल्सारची बातमी आली. तो दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने शोधला. त्याच्या सोबत्याचं वस्तुमान दोन ते पावणेतीन सूर्यांच्या मध्ये पडतं : न्यूट्रॉन तारा म्हणायला जड, कृष्णविवर म्हणायला हलका. तो नेमका कोण, यावर अजून खल चालू आहे. दिसत काहीच नाही. सगळा पुरावा ठोक्यांचा.

वेग जितका बारीक मोजता येईल तितका हलका सोबती पकडता येतो. कॅम्पबेल किलोमीटरच्या हिशेबात मोजत होते. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याचा सेकंदाला पन्नास-साठ मीटरचा झोका मोजला आणि त्यातून एक ग्रह निघाला. आज उत्तम उपकरणं सेकंदाला एका मीटरच्याही खाली पोचली आहेत. पृथ्वीच्या ओढीने सूर्य झुलतो तो सेकंदाला नऊ सेंटिमीटरने. तिथवर पोचायची खटपट सुरू आहे.

ब्रह्महृदयाच्या गणितातलं बरंचसं शाळेच्या पुस्तकातच आहे. केप्लरचे नियम दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात आहेत, लोलकातून फाकणारा प्रकाश त्याच पुस्तकात पुढे आहे आणि साइन गणिताच्या दुसऱ्या भागात. तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात, वेगवेगळ्या परीक्षांना विचारले जातात आणि मुलांना त्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं कधी वाटत नाही. शिक्षकांना विनंती एवढीच : २६, २६.९, १०४ आणि ०.६८ हे चार आकडे फळ्यावर लिहा आणि एका तासात मुलांकडून ब्रह्महृदयाचं वजन काढून घ्या. उत्तर पाचाच्या जवळपास यायला हवं.